ईडब्ल्यूएस बंद होतंय – दाखला नव्हे, ईमेलवालं! तुमची तयारी कुठवर?

खाडीवाला | १३ सप्टेंबर २०२५, रात्री १०:२०

गणपती गेले, मखर माळ्यावर चढलं, पाहुणे मुंबईला परतले, आणि सोमवारी ऑफिसात बसतोय तोच साहेबांनी एक ईमेल माझ्याकडे ढकलला. वर एकच ओळ: "हे बघून घ्या." साहेबांचं 'बघून घ्या' म्हणजे काम तुमचं, खर्च शून्य आणि विचारणा तिसऱ्या दिवशी.

ईमेल होता मायक्रोसॉफ्टच्या मेसेज सेंटरचा. एक्स्चेंज ऑनलाइनमधली (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या ईमेल सेवेतली) एक्स्चेंज वेब सर्व्हिसेस, म्हणजेच ईडब्ल्यूएस, १ ऑक्टोबर २०२६ पासून बंद होणार. नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: बाहेरच्या एखाद्या प्रोग्रामला मेलबॉक्समध्ये शिरून मेल वाचायचे, पाठवायचे, कॅलेंडर चाळायचं असेल तर त्यासाठीचं हे जुनं दार. एक्स्चेंज सर्व्हर २००७ बरोबर आलं, सोप आणि एक्सएमएल या जुन्या तंत्रांच्या जमान्यातलं. यात नवीन भर पडणार नाही असं २०१८ मध्येच जाहीर झालं होतं, बंद करायची तारीख सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितली. म्हणजे तीन वर्षांची मुदत होती, आम्ही वाचलं नाही एवढंच. आता सगळ्यांनी मायक्रोसॉफ्ट ग्राफवर, म्हणजे त्याच कामाच्या नव्या दारावर, जायचंय.

आमचा पसारा: रत्नागिरीजवळ आंबा आणि काजू प्रक्रिया, थोडी निर्यात. साठेक मेलबॉक्स. आयटीत आम्ही दोघं, त्यातला दुसरा सीसीटीव्ही आणि वजनकाटेही बघतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने प्रोग्राम लिहून दिला होता. ऑर्डरच्या मेलबॉक्समधून पीडीएफ उचलतो आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. मुलगा आता परदेशात आहे, फोन उचलतो पण "दादा, मला आठवत नाही" म्हणतो. खरंच आठवत नसणार.

कोणी हे काम हातात घेतलंय का? सुरुवात कुठून करायची?

तिरफळ (कुडाळ) | १३ सप्टेंबर, रात्री १०:४१

धाग्याचा नाव वाचलंय आणि माका वाटला तहसीलदाराच्या दाखल्याचा कायतरी आसा. झिलाच्या ॲडमिशनाक माका तोच होयो. आत येऊन बघतंय तर भलताच!

असो, आता बसलोच आहे तर वाचतो. आमच्याकडे पण एक्स्चेंज आहे, पण सर्व्हर स्वतःचा, ऑफिसात. आम्हालाही लागू का हे?

चाकरमानी | १४ सप्टेंबर, सकाळी ८:०५

तिरफळ, नाही. बंद होतंय ते फक्त एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये. स्वतःच्या सर्व्हरवरचं ईडब्ल्यूएस चालू राहतंय. मात्र तुमचा सर्व्हर २०१६ किंवा २०१९ चा असेल तर त्याचा सपोर्ट येत्या १४ ऑक्टोबरला संपतोय, तेव्हा तुमचं दुखणं वेगळं आहे, आणि जास्त जवळचं. काही मेलबॉक्स क्लाउडवर आणि काही घरी असा संसार असेल तर मात्र सावध. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची रिकामी वेळ दिसते ती ईडब्ल्यूएसच्याच जोरावर.

खाडीवाला, मी गोरेगावात एका मोठ्या कंपनीत हेच करतोय, गाव देवरुख. कोडला हात लावू नका. आधी कोण कोण वापरतंय ते शोधा. आमचा अनुभव असा की प्रोग्राम बदलायला पंधरा दिवस लागले आणि प्रोग्राम सापडायला चार महिने.

ॲडमिन सेंटरात रिपोर्ट्समध्ये युसेज, त्यात एक्स्चेंज, तिथे ईडब्ल्यूएस वापराचा रिपोर्ट आहे. ॲपचा आयडी आणि किती विनंत्या आल्या ते दिसतं. तो आयडी एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टकडची आपली खाती, ॲप आणि परवानग्या तिथे असतात) शोधायचा, म्हणजे नाव मिळतं. नाव मिळालं म्हणजे मालक मिळाला असं नाही. आमच्याकडे 'टेस्ट२' नावाचं ॲप रोज हजारो विनंत्या करत होतं आणि कोणीच कबूल होईना.

दुसरं, एन्ट्रामध्ये कोणत्या ॲपला फुल ॲक्सेस ॲज ॲप ही परवानगी दिलीय ते आजच बघा. ही परवानगी म्हणजे संस्थेतल्या प्रत्येक मेलबॉक्सची चावी. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेला, त्यांच्यावरच मिडनाइट ब्लिझार्ड या हॅकर टोळीने केलेला हल्ला आठवत असेल. एका जुन्या चाचणी खात्याचा पासवर्ड अंदाजाने सापडला, तिथे एक जुनं ओऑथ ॲप (पासवर्डाऐवजी परवानगीपत्रावर चालणारं) पडून होतं, आणि त्यातून पुढे जात हल्लेखोरांनी हीच परवानगी मिळवून वरिष्ठांचे मेल वाचले. तेव्हा हा निव्वळ 'जुनं झालं म्हणून काढतायत' असा प्रकार नाही.

लाल माती | १४ सप्टेंबर, दुपारी १:३०

+१. वाचनखूण साठवली.

आमचं तारकर्लीला छोटं रिसॉर्ट आहे. बुकिंगचं सॉफ्टवेअर आमच्या मेलबॉक्समधून बुकिंगचे मेल वाचतं. व्हेंडरला विचारलं की तुमचं सॉफ्टवेअर ईडब्ल्यूएस वापरतं का? उत्तर आलं, "आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, काळजी नसावी." मी परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर वार्षिक देखभालीचं बिल आलं.

चाकरमानी | १४ सप्टेंबर, दुपारी २:१२

लाल माती, व्हेंडरला 'वापरता का' असं विचारूच नका, 'नाही' म्हणायला सोपं जातं. तुमच्या रिपोर्टमधला आयडी आणि विनंत्यांचा आकडा लिहून पाठवा आणि विचारा, हे ॲप तुमचंच ना, ग्राफवर जाणारी आवृत्ती कोणत्या महिन्यात देताय, ती आमच्या सध्याच्या बिलात आहे की वेगळे पैसे? तिन्हीची उत्तरं लेखी घ्या.

खाडीवाला | ४ ऑक्टोबर, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय. एवढ्यात नेट पण दोन दिवस गेलं होतं, खोदकामात फायबर तुटली.

रिपोर्ट काढला. साहेब म्हणत होते एकच प्रोग्राम आहे, निघाले पाच. एक तो ऑर्डरवाला. दुसरं मेलचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर. तिसरा मीटिंग रूमच्या दारावरचा टॅब्लेट. त्या खोलीत मीटिंगपेक्षा वाढदिवस जास्त होतात, तो गेला तरी चालेल. चौथा ॲपलचा मेल, म्हणजे धाकट्या साहेबांचा मॅक. मॅकवरचं मेल ॲप एक्स्चेंजशी ईडब्ल्यूएसनेच बोलतं हे मला माहीतच नव्हतं. आयफोनला अडचण नाही, तो ॲक्टिव्हसिंक या वेगळ्या पद्धतीवर चालतो.

पाचवा सापडायला दोन आठवडे गेले. दर पाच मिनिटांनी एक विनंती, रात्री दोन वाजता पण, रविवारी पण. आयपी आमचाच. शेवटी पॅकहाउसच्या ऑफिसात, आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्यांच्या मागे, टेबलाखाली एक पीसी सापडला. वर चिकटपट्टीने कागद लावलेला, "बंद करू नये", खाली सही नाही. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. उघडला तर आत बोटभर धूळ आणि एका कोपऱ्यात गांधीलमाशीचं मातीचं घर. हा बिचारा २०१९ पासून गाडी सुटल्याचा मेल वाचून पॅकहाउसच्या प्रिंटरवर चिठ्ठी छापत होता. त्या चिठ्ठीवर आमचं अर्धं डिस्पॅच चालतं! कोणाला विचारलं की ही चिठ्ठी कुठून येते, तर म्हणे "प्रिंटरमधून."

तिरफळ | ४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

"प्रिंटरमधून" 😂 ह्यां मात्र भारी.

फणस | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

एवढा खटाटोप कशाला? मेल वाचायचा आणि पीडीएफ उचलायचं एवढंच काम असेल तर आयमॅप (मेल वाचायची सर्वमान्य पद्धत) वापरा. जुनं आहे, सोपं आहे, कुठल्याही भाषेत लायब्ररी मिळते. प्रत्येक वेळी कंपनी सांगेल ते नवीन घ्यायचं हे मला पटत नाही. उद्या ग्राफ पण बंद करतील.

दीपस्तंभ | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

फणस, मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण नाव आणि पासवर्ड टाकून आयमॅप चालायचे दिवस एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये ऑक्टोबर २०२२ पासूनच संपायला लागले. आता तिथेही ओऑथचं टोकन लागतं, म्हणजे ॲपची नोंदणी, सर्टिफिकेट हे सगळं आलंच. आयमॅपची एक गोष्ट मला आवडते: ॲपला प्रत्येक मेलबॉक्सवर वेगळा हक्क द्यावा लागतो. दिला नाही तर मिळत नाही.

ग्राफचं याच्या उलट आहे आणि इथेच लोक घसरतात. एन्ट्रामध्ये ॲपला मेल रीडची ॲप्लिकेशन परवानगी दिली की ते ॲप सगळ्यांचे मेल वाचू शकतं, मालकापासून हिशेबनिसापर्यंत. ईडब्ल्यूएस सोडायचं एक कारणच हे, आणि ग्राफवर जाऊन आपण पुन्हा तोच घोळ घालायचा!

त्यावर उपाय म्हणजे एक्स्चेंजमधलं आरबॅक फॉर ॲप्लिकेशन्स. या ॲपला हे दोनच मेलबॉक्स, असं कुंपण घालता येतं. पण एक खाचखळगा लक्षात ठेवा. कुंपण घातलं आणि एन्ट्रामधली जुनी सरसकट परवानगी तशीच राहिली तर कुंपणाचा उपयोग शून्य, कारण दोन्हींची बेरीज होते. एन्ट्रामधली काढूनच टाकायची. मी दोन ठिकाणी तपासायला गेलो, दोन्हीकडे कुंपण सुरेख होतं आणि मागचं दार सताड उघडं.

फणस | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

दोन्हींची बेरीज होते हे माहीत नव्हतं. मागे घेतो. अर्धं.

खाडीवाला | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

फणस, तुमचं अर्धं मी घेतो. चिठ्ठीवाल्या कामाला आयमॅप पुरेल. ऑर्डरवाल्याला मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणं, उत्तर पाठवणं, गाडीची वेळ कॅलेंडरवर टाकणं एवढं सगळं लागतं, तिथे ग्राफच.

दीपस्तंभ, तुमचं वाचून आमचं एन्ट्रा उघडलं. ऑर्डरवाल्या ॲपला सगळ्या साठ मेलबॉक्सची चावी होती. साहेबांना दाखवलं. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग विचारलं, "म्हणजे माझे पण?" त्या दिवसापासून या कामाला खर्च शून्य हा नियम राहिला नाही.

लाल माती | १८ ऑक्टोबर, सकाळी ९:००

दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना. व्हेंडरला आयडी आणि आकडा लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी फोन! म्हणे, "हो, ते ॲप आमचंच आहे, नवीन आवृत्ती मार्चमध्ये." चाकरमानी, तुम्हाला तारकर्लीत एक दिवसाचं मालवणी जेवण लागू.

खाडीवाला | २२ नोव्हेंबर, रात्री ८:४५

आज बंद करून बघण्याची चाचणी घेतली, ती सांगतो. कोणी घाई करणार असेल तर आधी हे वाचा.

संपूर्ण संस्थेचं ईडब्ल्यूएस बंद करायचा एक खटका आहे. तो मी दाबला नाही, सुदैवाने. मेलबॉक्सवार पण बंद करता येतं, तसं केलं: माझा, हिशेब विभागातला एक आणि धाकट्या साहेबांचा. लगेच काही होत नाही, थोडा वेळ जातो. मला वाटलं सगळं आलबेल आहे, चहा प्यायला गेलो.

परत येतोय तर धाकट्या साहेबांचा मॅक मेल आणेना, हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते हिशेबातल्या ताईंचं. त्यांना सोमवारपासून रजेवर जायचं होतं, जुन्या आउटलुकमध्ये 'मी रजेवर आहे'चा संदेश लावायला गेल्या तर 'सर्व्हर उपलब्ध नाही' म्हणून पाटी. म्हणजे आउटलुक स्वतःसुद्धा काही कामांना हेच दार वापरतं! रजेचा संदेश, दुसऱ्याची रिकामी वेळ बघणं, असली कामं. मायक्रोसॉफ्ट आपल्या घरातलं स्वतः आवरणार आहे, पण तोवर आउटलुकवाल्या माणसांच्या मेलबॉक्सवर खटका दाबू नये. ज्या मेलबॉक्सवर फक्त प्रोग्राम बसलेत तिथे खुशाल दाबा.

ताई मला म्हणाल्या, "माझी रजा तुमच्या कॉम्प्युटरला मंजूर नाही का?" सगळं पूर्ववत केलं. धाकट्या साहेबांच्या मॅकवर नवीन आउटलुक बसवून दिलं. त्यांना ते आवडलेलं नाही, पण चालू आहे.

चाकरमानी | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

छान केलंत. कोणाला यूजर एजंटवरची (म्हणजे प्रोग्रामच्या नावावरची) अलाउ लिस्ट किंवा ब्लॉक लिस्ट लावून चाचणी करायची असेल तर तेही जमतं, फक्त ते नाव प्रोग्राम स्वतःच सांगतो, तेव्हा सुरक्षेसाठी त्यावर विसंबू नका.

खाडीवाला | १९ डिसेंबर, रात्री ११:१०

ग्राफवरचा ऑर्डर प्रोग्राम सोमवारी सुरू केला. पायथनमध्ये आधी एक्स्चेंजलिब नावाची तयार लायब्ररी होती, ती ईडब्ल्यूएसवरच चालते, म्हणून तो भाग सगळा नवीन लिहावा लागला. एका ओळखीच्या मुलाने शनिवार-रविवार बसून दिला.

चाचणीच्या मेलबॉक्सवर झकास चाललं. खऱ्यावर सोमवारी सकाळी दहा ऑर्डरी आल्या. मंगळवारी दहा. बुधवारी दहा. विक्रीवाले म्हणाले, "डिसेंबरात मंदी असतेच." गुरुवारी पुन्हा बरोब्बर दहाच आल्यावर माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. मेलबॉक्स उघडला तर काजूच्या ऑर्डरी तुंबलेल्या.

भानगड अशी की ग्राफ एका वेळी मुळात दहाच मेल देतं आणि सोबत पुढच्या पानाची लिंक देतं. त्या लिंकने पुढे पुढे जात राहायचं असतं. चाचणीच्या मेलबॉक्समध्ये आम्ही आठ मेल टाकले होते!

अजून तीन ठेचा लागल्या. मेलची वेळ यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) येते, त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधली आखाती गिऱ्हाइकांची ऑर्डर आदल्या दिवसाच्या नावावर जात होती. दुसरं, मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की त्याचा आयडी बदलतो, आणि आमच्या डेटाबेसात जुना आयडी नोंदलेला. विनंतीच्या हेडरमध्ये इम्युटेबल, म्हणजे न बदलणारा, आयडी मागितला की ते थांबतं. तिसरं, तपासणीचे दाखले जोडून पाठवताना तीन एमबीच्या वरची फाइल सरळ जात नाही, तुकड्या-तुकड्यांनी चढवायला अपलोड सेशन उघडावं लागतं.

दीपस्तंभ | २० डिसेंबर, सकाळी ९:३०

यात एक भर. तुंबलेले मेल एकदम ओढायला जाल तर ४२९ हा एरर ('फार विनंत्या झाल्या, थांबा') येईल. एका ॲपला एका मेलबॉक्सवर दहा मिनिटांत १०,००० विनंत्या आणि एका वेळी चारच, अशी मर्यादा आहे. उत्तरात किती सेकंद थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचं. लगेच पुन्हा ठोठावू नये.

आणि ॲपची ओळख पटवायला पासवर्डवजा सीक्रेट ठेवलंय की सर्टिफिकेट? काहीही असो, ते कधी संपतं ते एका माणसाच्या डोक्यात ठेवू नका.

खाडीवाला | २० डिसेंबर, सकाळी १०:०२

सर्टिफिकेट. संपायची तारीख रजिस्टरात लिहिलीय, शिवाय ऑफिसातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर. नवीन वर्षाचं लागलं की तारीख उतरवायची जबाबदारी सीसीटीव्हीवाल्याची.

फणस | ७ फेब्रुवारी २०२६, दुपारी ४:४०

धागा वर काढतोय. बातमी वाचली का? आता टप्प्याटप्प्याने बंद करणार म्हणतायत. १ ऑक्टोबर २०२६ पासून सुरुवात, पण ज्यांनी ऑगस्टअखेरपर्यंत आपल्या ॲपची सूट यादी करून ईडब्ल्यूएस चालू ठेवायची नोंद केली त्यांचं ऑक्टोबरात बंद होणार नाही. कायमचं बंद १ एप्रिल २०२७ ला, त्यात कोणालाच सूट नाही. म्हटलं होतं ना, घाई नको!

खाडीवाला | ७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

वाचलं. साहेबांनीही वाचलं आणि पहिलं वाक्य, "चला, सहा महिने मिळाले. बॅकअपवाल्याचे पैसे पुढच्या वर्षी देऊ." (आमच्या पाचांतलं तेवढंच उरलंय. त्यांची नवीन आवृत्ती आली आहे, पण लायसन वेगळं घ्यावं लागतं.)

मी वाद घातला नाही. म्हटलं, साहेब, १ एप्रिलला आपल्याकडे काय असतं? हापूसचा ऐन हंगाम. पॅकहाउस दोन पाळ्यांत, माणसं जागेवर झोपतात, मी प्रिंटरच्या शाईला मोताद. त्या आठवड्यात साधा वायर बदलायचा नाही हा तुमचाच नियम. म्हणजे तुमचे ते सहा महिने आपल्याला मिळालेलेच नाहीत. आणि सूट यादी ऑगस्टअखेर करायची, तर यंदा गणपती १४ सप्टेंबरला, ऑगस्टपासूनच रजेचे अर्ज सुरू. आपल्याला मोकळा काळ जूनमध्ये कॅनिंग आटपल्यावर ते जुलैअखेर एवढाच. साहेबांनी पेन काढून लायसनच्या कागदावर सही केली.

टेबलाखालचा पीसी मात्र जानेवारीतच बंद केला. काम दुसरीकडे हलवून झालं होतं, तरी भीती होतीच, म्हणून आठ दिवस नुसतीच वायर काढून ठेवली आणि कोण ओरडतंय ते बघत बसलो. सातव्या दिवशी पॅकहाउसमधून फोन. पोटात गोळा. तिकडचे मुकादम म्हणाले, "ते खोकं नेलंत का हो? पावसात पावतीपुस्तकं सादळतात म्हणून आम्ही त्याच्यावर ठेवायचो, गरम असायचं. आता नको, पण मिरगाच्या आधी परत आणून ठेवा."